आठ स्पीकर आणि मधली खुर्ची

माणसानं निवृत्त जरूर व्हावं, पण घरात मोठा हॉल असताना होऊ नये. रिकामा माणूस आणि रिकामा हॉल एकाच पत्त्यावर आहेत असं कळलं, की जग दोघांनाही कामाला लावतं.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून मी घरी बसलो, तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी मला फिरती खुर्ची भेट दिली. उंच पाठीची, काळ्या रेक्झिनची. नोकरीभर जी खुर्ची मिळाली नाही ती निरोप समारंभात मिळाली. हॉलमध्ये मधोमध ती ठेवायची, टीव्हीकडं तोंड करायचं आणि उरलेलं आयुष्य काढायचं, एवढीच माझी योजना होती. बऱ्याच योजनांसारखी तीही कागदावरच राहिली.

खुर्चीच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला दार. खिडकीपाशी विशाखाची, म्हणजे आमच्या मंडळींची, वेताची खुर्ची असायची. बाहेर कडुनिंब आहे. तिथं बसून ती भाजी निवडायची, पेपर वाचायची आणि कॉलनीत कोण आलं कोण गेलं याची नोंद ठेवायची. दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिनं ती खुर्ची उचलून दाराशी, चपलांच्या स्टँडला खेटून नेऊन ठेवली. "उजेड डोळ्यांवर येतो," म्हणाली. बायको आणि वरिष्ठ यांच्या निर्णयांची कारणं विचारू नयेत, हे मी नोकरीतच शिकलो होतो. त्याच सुमाराला तिला तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली. मी दोन-चारदा समजावूनही सांगितलं, की बाई, जरा स्पष्ट बोलत जा. पण या वयात सवयी कुठल्या सुटतात!

असो. प्रकरण सुरू झालं ते आमच्या कन्येमुळं.

प्रेरणा एम.टेक. करते. तिच्या प्रबंधाचा विषय असा, की खोलीत पुष्कळ स्पीकर लावून आवाज हव्या त्या जागेवरून आल्यासारखा कसा भासवायचा. त्याच्या तीन पद्धती आहेत आणि तिला त्यांची तुलना करायची होती. तिनं मला ते तीनदा समजावलं आणि मी माझ्या परीनं एकदा समजून घेतलं. पहिल्या पद्धतीत आवाज शेजारच्या दोन स्पीकरांत वाटून देतात, मग तो त्या दोघांच्या मधून आल्यासारखा वाटतो. दुसरीत गोलात मांडलेले आठही स्पीकर थोडा थोडा वाटा उचलतात आणि मधोमध बसलेल्याच्या कानाशी आवाज जुळून येतो. तिसरीत भिंतीकडेनं फळ्या लावून त्यांवर चौसष्ट छोटे स्पीकर ओळीनं बसवतात आणि आवाजाची अख्खी लाटच उभी करतात. तलावात ओळीनं खडे टाकले, की लाटांची मिळून एकच लाट होते, तसं. ही तिसरी मला लगेच पटली. पाटबंधाऱ्याचा माणूस शेवटी पाण्याच्याच भाषेत समजतो.

"पहिल्या दोन पद्धतींत मधोमध बसणाऱ्यालाच नीट ऐकू येतं, बाबा," ती म्हणाली. "तिसरीत कुठंही बसा. हेच मला सिद्ध करायचंय."

"मग कर की. अडचण काय?"

अडचण अशी, की विभागातली खोली पेपर तपासणीसाठी गेली होती. सोमवारी सकाळपर्यंत वीस माणसांचे वीस बिनचूक फॉर्म सरांसमोर ठेवले नाहीत, तर सादरीकरण सहा महिने पुढं जाणार होतं. आणि पुण्याच्या कंपनीनं हिला नोकरीला बोलावलं होतं ते याच महिन्यात. सहा महिने थांबायला कंपनी काय तिची मावशी होती? पोरगी आठ दिवस नीट जेवली नव्हती. मग मी त्या हॉलकडं पाहिलं, आणि हॉलनं माझ्याकडं.

प्रत्येकानं मधोमध बसायचं, एक आवाज तिन्ही पद्धतींनी मिळून छत्तीस वेळा वाजणार, दरवेळी तो कुठून आला ते बोटानं दाखवायचं, एवढंच काम. आवाज रोजच्या बोलण्यातला हवा, म्हणून प्रेरणानं आईचाच घेतला. वाक्य होतं, "अहो, ऐकता का?" विशाखाला तालमीची गरज पडली नाही.

"तुम्ही पण बसाल ना, बाबा?"

"मी आयोजक आहे," मी म्हणालो. "आयोजकानं परीक्षेला बसणं तत्त्वाला धरून नाही."

चौसष्ट स्पीकरांच्या फळ्या प्रेरणानं विभागातून आणल्या, आणि आठ एकसारखे मोठे स्पीकर करमाडच्या फकिरानं. फकिरा साउंडवाला. लग्नं, जयंत्या, मिरवणुका, सगळीकडं त्याचे बॉक्स असतात, आणि तो निघून गेल्यावरही दोन दिवस लोकांच्या छातीत असतात. बॉक्स गोलात मांडून झाल्यावर प्रेरणानं त्याला आवाज किती ठेवायचा ते लावून दाखवलं. साधारण शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलावं, इतका.

फकिराचा चेहरा पडला. "एवढाच?"

"एवढाच."

"साहेब, आठ बॉक्स आन् आवाज असा? मंग आठ कशाला? एकच ठिवा आन् दाबून लावा." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक करा. बॉक्स कुनाचे हायत म्हून कुनी इचारलं, तर माझं नाव नका सांगू. धंद्याचा सवाल हाय."

बॉक्स चढताना सोसायटीचे अध्यक्ष सर्जेराव यांनी पाहिले. सर्जेराव कन्नड तालुक्यातले. ऊस तिकडं, पेन्शन इकडं, आणि दोन्हींतून उरलेला सगळा वेळ सोसायटीला. "खरात साहेब, आठ भोंगे म्हनल्यावर परवानगी लागंल," ते म्हणाले. "नाय तर उद्या माझ्यावर येईल."

भोंगे नाहीत, आवाज जिन्यातही येणार नाही, वगैरे सांगून उपयोग झाला नाही. मी संबंधित कार्यालयात गेलो. चौतीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडं काढली होती. अलीकडून टेबल इतकं उंच दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समोरच्या बाबूनं अर्ज वाचला आणि 'निमित्त' या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलं? तुलना?"

"हो. तीन पद्धतींची तुलना."

"तुलना केली की वाद होतोय, काका. जयंती लिहा, लग्न लिहा, सत्संग लिहा. तुलनेला परवानगी देता येत नाय."

"पण तसं काही नाहीये हो."

"आन् मिरवणुकीचा मार्ग कोरा हाय."

"मिरवणूक नाही. हॉलमध्ये आहे सगळं."

"कोरा रकाना चालत नाय."

हे वाक्य मी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं, तेव्हा राग तरी कुणावर काढणार? मार्गापुढं मी 'लागू नाही' लिहिलं आणि निमित्तापुढं, बाबूच्या सल्ल्यानं, 'घरगुती कार्यक्रम'. तिथंच माती खाल्ली. सर्जेरावांनी त्या परवानगीची प्रत जिन्यातल्या फलकावर लावली: खरात यांचेकडे घरगुती कार्यक्रम, ध्वनिक्षेपक आठ, शनिवार-रविवार. घरात लग्नाची मुलगी, कार्यक्रम घरगुती आणि ध्वनिक्षेपक आठ. तासाभरात कॉलनीनं साखरपुडा ठरवून टाकला.

शनिवारी सकाळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. तिसऱ्या मजल्यावरच्या मनकर्णाबाई नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन उतरल्या. वय ऐंशी, मूळच्या देवगाव रंगारीच्या, कॉलनीत त्यांच्या शब्दापुढं सर्जेरावांचाही ठराव टिकत नाही.

"पावना कुठंय?" त्यांनी दारातच विचारलं.

"पाहुणा नाही आजी. तुम्ही आवाज ऐकायला आलात."

"ऐकते की. पोराचं शिक्षान काय झालंय ते सांग आधी."

खरं कळल्यावर मंडळी जराशी हिरमुसली, पण विशाखानं पोहे टाकलेत असा वास आला आणि कुणी उठलं नाही. आता प्रश्न मधल्या खुर्चीचा. प्रेरणानं माझी फिरती खुर्ची बरोब्बर गोलाच्या मध्यावर ठेवली होती. तीत बसायला कुणी तयार होईना. विहारातून चौघं आले होते, ते "जयभीम साहेब" म्हणत थेट भिंतीकडच्या सतरंजीवर टेकले. "ती साहेबांची खुर्ची हाये," एकजण म्हणाला. मी म्हटलं, बसा. ते म्हणाले, आजी असताना आम्ही कसे बसू? आजी म्हणाल्या, गडीमानसं खाली आन् मी वर, बरं दिसतं व्हय? असा अर्धा तास गेला. शेवटी खुर्ची मोकळी राहिली आणि आठही जणांनी स्पीकरांना टेकून प्रयोग ऐकला. आवाज कुठूनही येवो, प्रत्येकानं आपल्या कानामागच्या बॉक्सकडं बोट दाखवलं. आठ फॉर्म बाद.

"बाबा," प्रेरणा हळूच म्हणाली, "खुर्ची बाहेर काढूया का? प्लॅस्टिकचं स्टूल ठेवू."

चौतीस वर्षांच्या सेवेचं फळ मी माझ्या हातानं जिन्यात ढकलत नेलं. स्टूल आलं आणि चमत्कार झाला. जो तो विनातक्रार बसू लागला. स्टुलाला मान नसतो, त्यामुळं ते कुणालाही चालतं. नेमके तेव्हाच सर्जेराव आले. त्यांनी स्टूल पाहिलं, जिन्यातली खुर्ची पाहिली.

"आमी आलो की स्टूल व्हय? अध्यक्षाला?"

"सगळ्यांनाच स्टूल आहे हो."

"मंग खुर्ची आत आली की सांगा. येतो." आणि ते गेले. एक माणूस कमी झाला.

मनकर्णाबाईंना दुसऱ्यांदा बसवलं. दिवे मंद केले. "अहो, ऐकता का?" आवाज आला. आजींनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. पुन्हा आवाज आला. पुन्हा स्वयंपाकघर. छत्तीसच्या छत्तीस वेळा स्वयंपाकघर.

"आजी, आवाज कुठून ऐकू आला ते दाखवायचं," प्रेरणा काकुळतीला येऊन म्हणाली.

"तेच की दावते. विशाखा तिथं पोहे करतीया. मंग आवाज काय गच्चीतून येईल?"

पुढच्या तिघांनीही स्वयंपाकघरच दाखवलं. ओळखीच्या बाईचा आवाज, आणि बाई कुठं आहे ते समोर दिसतंय. कानावर कोण विश्वास ठेवणार? मग विशाखाला वर मनकर्णाबाईंच्या घरी पाठवलं. त्यानंतर आलेल्या दोन बायकांनी छताकडं बोट दाखवलं.

शेवटी प्रेरणा आईला म्हणाली, "तू घराबाहेर जा. कुठं जातेस ते कुणालाच सांगू नकोस. बाबांनाही नाही."

विशाखानं हात पुसले, पिशवी उचलली. "तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला असं म्हटलं," ती म्हणाली आणि गेली. चालताना ती इतकी हलकी दिसली, की मला जरा वाईटच वाटलं. दुसऱ्या दिवशीही ती सकाळीच निघून गेली. कुठं, ते मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतर काम सुरळीत झालं, असं मी लिहिणार होतो. पण फॉर्मच्या शेवटी 'आवाज किती खरा वाटला, शंभरापैकी गुण द्या' असा प्रश्न होता, आणि प्रत्येकानं तिन्ही पद्धतींना शंभर दिले. "पोरीचं नुकसान आपल्या हातून कशाला?" हा सगळ्यांचा विचार. प्रेरणानं तो प्रश्नच काढून टाकला. रविवारी तर सात दिवसांनी एकदा येणारं नळाचं पाणी आलं. पंधरावा माणूस स्टुलावर होता, एकविसावी हाक झाली होती, एवढ्यात कॉलनीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. तो गृहस्थ "नळ!" एवढंच बोलून उठला आणि चपला न घालता पळाला. मीही पळालो. लाट कितीही शास्त्रशुद्ध उभी केली, तरी नळाच्या धारेपुढं तिचं काही चालत नाही. दोन तास आम्ही बाप-लेक बादल्या भरत होतो. प्रेरणाच्या डोळ्यांतही पाणी होतं, ते भरून ठेवायची गरज नव्हती.

संध्याकाळी सहाला अठरा फॉर्म झाले. बॉक्स कधी न्यायचे ते विचारायला फकिरा आला, त्यालाच बसवलं. हा माणूस तयारीचा निघाला. डोळे मिटून त्यानं पटापट बोट दाखवलं. शेवटी तिसरी पद्धत लागली तेव्हा तो उठून हॉलभर चालायला लागला. खिडकीपाशी गेला, दाराशी गेला, परत आला.

"आवाज जाग्यावरून हलंना की वो," तो म्हणाला. "म्या पंधरा वर्सं नुसता लोकांच्या अंगावर आवाज फेकला. त्यो असा एका जागी उबा ऱ्हातो, हे आज पाह्यलं." त्याचा स्वर एकदम मऊ झाला होता. जाता जाता दारात थांबला. "ताई, कुनी इचारलं तर बॉक्स फकिराचे हायत म्हना."

एकोणीस. प्रेरणानं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, तत्त्व जरा बाजूला ठेवता का?"

खरं कारण तत्त्व नव्हतं, हे चाणाक्ष वाचकांना एव्हाना कळलं असेल. मला ते स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. पण पोरीचा उतरलेला चेहरा पाहून मी स्टुलावर बसलो.

आधी कानांची छोटी तपासणी होती. हेडफोन लावायचा आणि बारीकसा 'टूं' ऐकू आला की बोट वर करायचं. प्रेरणा माझ्या मागं लॅपटॉपवर बसली होती, पण समोरच्या बंद टीव्हीच्या काचेत तिचा हात स्वच्छ दिसत होता. तिचं बोट बटणावर पडलं, की मी माझं बोट वर करायचो. "छान!" ती म्हणाली. दोन्ही कान उत्तीर्ण.

मग हाका सुरू झाल्या. अहो, ऐकता का? उजवीकडून. अहो, ऐकता का? उजवीकडून. दाराकडून, चपलांच्या स्टँडपासून, जिथून हल्ली विशाखा नेहमी बोलते तिथूनच. दहा हाका झाल्या, आणि एकही दुसरीकडून आली नाही. पण अनुभवी कारकून रिकाम्या रकान्याला घाबरत नाही. मी अंदाजपंचे बोट फिरवत राहिलो: बारा वेळा डावीकडं, बारा वेळा समोर, बारा वेळा उजवीकडं. हिशेब अगदी चोख दिसत होता.

प्रेरणानं स्क्रीनवरचे आकडे पुन्हा एकदा मोजले.

"बाबा, तुमच्या फॉर्मप्रमाणे तिन्ही पद्धती पडल्या. तिसरी तर सपशेल."

"मग असेल काहीतरी दोष तुझ्या त्या फळ्यांत," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

तिनं वाद घातला नाही, तेच मला लागलं. ती नुसती मान हलवून टाइप करायला लागली. "ऐकणाऱ्यानं सांगितलं ते तसंच लिहायचं, असा नियम आहे," ती म्हणाली. "फकिराभाऊंना बरोबर आलं म्हणून खूश झाले होते मी. पण विसात एक असाही आहे, तर तोही लिहिते."

दीड दिवस कॉलनीतलं कोणी खरं सांगत नाही म्हणून मी चरफडत होतो. आजींनी तरी त्यांना खरं वाटलं ते सांगितलं होतं. धडधडीत खोटं लिहिणारा सबंध कॉलनीत मी एकटाच निघालो, आणि तेही पोरीच्या प्रबंधात.

"थांब," मी म्हणालो. "तो फॉर्म रद्द कर."

"का?"

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही." बोलून टाकलं आणि मग कळलं, की हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणतोय. लाज वाटली. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक फाईल चुकीची गेली नव्हती. "टीव्हीत तुझा हात दिसत होता."

"कधीपासून, बाबा?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"दोन वर्षं तीन महिने," कुणीतरी म्हणालं. उजवीकडून. विशाखा दारात पिशवी घेऊन उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"खिडकीतून हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा कळलं. मग खुर्ची इकडं आणली."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्हीच मला सांगत होता ना, स्पष्ट बोलत जा म्हणून." ती चपला काढत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला तिच्याकडं बघवेना.

प्रेरणानं डोळे पुसले. "एकोणीसच झाले," ती म्हणाली.

"मी बसू का?" विशाखानं विचारलं. "मला कुणी विचारलंच नाही."

दोन दिवस आख्खी कॉलनी स्टुलावर बसून गेली, आणि जिचा आवाज तिलाच आम्ही घराबाहेर काढलं होतं. स्वतःचा आवाज ऐकू नये असा नियम आहे का, ते प्रेरणानं वहीत पाहिलं. नव्हता.

विशाखा पदर सावरून बसली. कानांची तपासणी झाली, तेव्हा टीव्हीवर मी टॉवेल टाकला होता. हाका सुरू झाल्या. ती एकेक हाक मान किंचित तिरपी करून ऐकत होती आणि न चुकता बोट दाखवत होती. मी दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ उभा होतो. अहो, ऐकता का? अहो, ऐकता का? आपली बायको दिवसभर अशी हाका मारत असते आणि त्यातल्या निम्म्या वाया जातात, हे शेजारी उभं राहून बघणं सोपं नाही. कितवी तरी हाक आली, आणि माझ्या तोंडून "ओ!" निघून गेलं.

"बाबा, शांत!" प्रेरणा ओरडली.

विशाखा हसली, पण बोट बरोबर जागी होतं. छत्तीसपैकी चौतीस बरोबर. वीस फॉर्म पुरे झाले. "केवढ्या हाका मारते ही बाई," ती उठताना म्हणाली.

सोमवारी प्रेरणा गेली, आणि दुपारी तिचा फोन आला. सरांनी कागद ठेवून घेतले, सादरीकरण याच आठवड्यात. दुसरी बातमी, तिनं माझ्यासाठी कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. फकिरा बॉक्स घेऊन गेला. मग सर्जेराव आले, परीक्षेला बसायला. सगळं संपलं म्हटल्यावर, जिन्यात विनापरवाना खुर्ची ठेवल्याबद्दल सोसायटीची नोटीस देऊन गेले.

मी खुर्ची आत ढकलत आणली, मधोमध ठेवली आणि उलटी फिरवली. टीव्हीकडं पाठ झाली, समोर कोरी भिंत आली. पण खिडकी आता उजव्या हाताला होती. मग दाराशी गेलो, चपलांच्या स्टँडजवळची वेताची खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी, जुन्या जागी नेऊन ठेवली.

विशाखा चहा घेऊन आली. तिनं माझ्या खुर्चीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं.

"उजेड डोळ्यांवर येतो," ती म्हणाली, आणि खिडकीपाशी बसली.